साठ ते सत्तर मोजून दाखवा

साठ

काकाने भाषण पाठ केलं होतं. दाढी करताना एकदा, बूट घालताना एकदा, आणि कारखान्याच्या जिन्यात कठड्याला टेकून दोनदा. गेली बावीस वर्षं तो हे असंच करत आला होता, आणि गेली बावीस वर्षं दार उघडून आत पाऊल टाकलं की भाषण जिन्यातच राहून जायचं.

यंदा त्याने ते तळहातावर लिहून आणलं. पण पॉलिशच्या चाकावर आयुष्य काढलेला हात तो. रेघारेघांत गुलाबी भुकटी मुरलेली. शाईने तग धरला नाही. ‘ताईचं काम’ एवढंच वाचता येत होतं.

आत बाकीचे चौघं लांब टेबलाभोवती आपापल्या स्टुलांवर बसले होते. रविवार, त्यामुळे कवळ्यांचा कारखाना बंद. चाक थांबलेलं, बर्नर विझलेला, फळीवर प्लॅस्टरचे जबडे आ वासून वाळत पडलेले. वर्षातून एका रविवारी घरातले सगळे पगार या टेबलाशी ठरायचे आणि आजोबांनी घालून दिलेल्या नियमानेच ठरायचे. स्वतःसाठी कुणी तोंड उघडायचं नाही. दुसऱ्याने बोलायचं. आजोबा म्हणत, स्वतःसाठी मागणारा एक तर लाजून कमी मागतो नाहीतर चिडून जास्त मागतो. म्हणून दादांसाठी वहिनी बोलत, वहिनींसाठी दादा. आत्या, म्हणजे दादांची बहीण आणि काकाची ताई, काकासाठी बोले, काका आत्यासाठी. सगळ्यांचं ऐकून शेवटचा शब्द थोरला भाऊ म्हणून दादांचा.

आजोबांच्या एक गोष्ट लक्षात आली नव्हती. पगार कामावर न ठरता बोलणाऱ्यावर ठरायला लागला. आत्या बोलायला उठली की तिच्या तोंडून काकाचं काम ऐकून खुद्द काकाला भरून यायचं. आणि काका उठला की म्हणायचा, “ताईचं काम... म्हणजे आता ताईबद्दल मी काय बोलू,” आणि खाली बसायचा. दादा म्हणायचे, “बरोबर आहे.” त्यामुळे कवळ्या घासून चमकवणाऱ्या काकाला बावन्न हजार मिळत, आणि त्या कवळ्यांत एकेक दात मांडणाऱ्या आत्याला बेचाळीस. हे काकाला ठाऊक होतं. आठवलं की तो आत्याच्या स्टुलाचा डुगडुगणारा पाय दुरुस्त करून द्यायचा. तो पाय आता दगडासारखा पक्का झाला होता.

काका उभा राहिला. तळहात पाहिला. “ताईचं काम,” तो म्हणाला.

“बस रे,” आत्या म्हणाली. “यंदा तू नको. यंदा माझ्यासाठी खडू बोलेल.”

एकसष्ट

लहानपणी या कारखान्यात प्लॅस्टरची भुकटी खडू समजून खाल्ली, तेव्हापासून दादा-वहिनींची मुलगी खडू झाली. आता ती एकोणतीस वर्षांची होती आणि लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीच्या तक्रार कक्षात बसत होती. कुठेतरी लिफ्ट अडकते, आतला माणूस लाल बटण दाबतो आणि त्याला खडूचा आवाज ऐकू येतो. कारागीर पोचेपर्यंत त्याला बोलतं ठेवायचं, ही तिची नोकरी. आज ती इथे आली होती ती फक्त सगळ्यांना भेटायला. आणि चहा करायला, कारण वहिनींचा चहा कुणालाच आवडत नसे.

“मी?” ती म्हणाली. “अगं, मी इथे कामालासुद्धा नाही.”

“दुसऱ्याने बोलायचं, एवढाच नियम आहे. तू दुसरी आहेस.”

“आत्या, मला नाही येत गं. मी तुम्हाला सांगितलं नाही, पण...” तिने कपाखालची बशी गोल फिरवली. “तीन आठवड्यांपूर्वी आमच्याकडे पगाराची बोलणी झाली. मला आणि माझ्या शेजारच्या टेबलाशी बसते तिला मॅडमनी एकदमच आत बोलावलं. म्हणाल्या, बोला, तुमच्या काय अपेक्षा आहेत? मी सुरू केलं. पंधरा मिनिटं बोलले. तिने वर्षभरात किती फोन घेतले, एका म्हाताऱ्या गृहस्थांना अंधारात पावणेदोन तास गप्पांत कसं गुंतवलं, सगळं. मॅडमनी माझ्यादेखत तिचा पगार वाढवला.”

“शाब्बास,” दादा म्हणाले.

“मग मी गप्प बसले. तिची पाळी होती ना.”

“मग?”

“ती म्हणाली, थँक्यू मॅडम. आणि उठली.”

बासष्ट

“उठली?” काका म्हणाला.

“उठली.”

“तुझ्यासाठी काही न बोलता?”

“बाहेर असं नसतं काका.”

“मग कसं असतं?”

“ज्याचं त्याने मागायचं.”

“सगळ्यांसमोर?”

“हो.”

“स्वतःचं?”

“हो रे.”

“शी.”

“मग तुझा पगार किती राहिला?” वहिनींनी मुद्द्याचं विचारलं.

“एकसष्ट. होता तेवढाच. उद्या अकरा वाजता पुन्हा वेळ मागून घेतलीय मॅडमची.”

“तरी मी सांगत होतो,” दादा म्हणाले, “हिला इथेच ठेवा.”

“बाबा, इथे माझ्यासाठी कोण बोललं असतं?”

“मी!”

“शेवटचा शब्द तुमचाच असतो ना? मग तुम्ही तुमच्याशीच बोलला असतात.”

काका हसला. वहिनी हसल्या. दादांनीही हसण्याचा प्रयत्न केला. आत्या मात्र नखात अडकलेलं गुलाबी मेण काढत बसली होती.

“मीही तेच केलं,” ती म्हणाली.

“काय?”

“खडूसारखंच. त्याहून वाईट. पुलापलीकडच्या मोठ्या लॅबवाल्यांनी मला बोलावलं होतं. मागच्या मंगळवारी.”

त्रेसष्ट

मागच्या मंगळवारी ती डोळे तपासायला गेली होती. दादांना चांगलं आठवत होतं, कारण त्यांनीच तिला बसस्टॉपपर्यंत सोडलं होतं, आणि वर, “चष्म्याची फ्रेम चांगली घे, स्वस्तातली घेऊ नकोस,” असंही सांगितलं होतं. त्या बसमध्ये बसून ती दुसऱ्याकडे नोकरी बघायला गेली. आणि त्यांनी हात हलवला होता.

“तू गेलीस?”

“गेले.”

“डोळे?”

“डोळे ठीक आहेत.”

“काय म्हणाले ते?”

“चहा दिला. चांगला होता. यंत्रं दाखवली. जबड्याचा फोटो काढतात आणि पडद्यावर दात मांडतात, दादा. बोटाने सरकवतात. पण म्हणाले, पडद्यावरचे दात बरोबर असतात, माणसाचे वाटत नाहीत. तुमच्यासारखं कुणीतरी हवंय.”

दादांना वाटलं आता आपण काहीतरी मोठ्या मनाचं बोलावं. त्यांनी कप उचलला, रिकामा होता, परत ठेवला. बाप गेल्यावर हा कारखाना त्यांनी चालवला होता तो या दोघांना एका छपराखाली धरून, आणि छप्पर धरून ठेवलं की झालं अशी त्यांची समजूत होती.

“मग साहेबांनी विचारलं,” आत्या पुढे म्हणाली, “तुमची पगाराची अपेक्षा काय? मी म्हटलं, माझा भाऊ सांगेल.”

वहिनींनी हातातली बशी खाली ठेवली.

“त्यांना वाटलं मी गंमत करतेय. हसले. मीही हसले. परत विचारलं. मी मान वळवून बाजूच्या खुर्चीकडे पाहिलं, दादा. खरंच पाहिलं. तिथे कुणीच नव्हतं. माझी पर्स होती.”

काकाने डोळे पुसले. हसण्याने की कशाने, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

“मग?”

“विचार करून सांगते म्हटलं. बुधवारपर्यंत सांगायचंय.”

चौसष्ट

वहिनी उठल्या. कोपऱ्यातल्या त्यांच्या टेबलाच्या खणातून त्यांनी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आणला आणि दादांसमोर ठेवला.

“अगं, तुझी पाळी नाही,” दादा म्हणाले.

“मी तुमच्यासाठी बोलायचं, बरोबर? तुमच्यासाठीच बोलतेय. ही गेली तर तुमचं काय होईल तेवढं सांगते.”

डब्यात चिठ्ठ्या होत्या. दवाखान्यांतून जबड्याच्या ठशांबरोबर येतात त्या, दातांच्या डॉक्टरांच्या गिचमिड अक्षरातल्या. बिलं वहिनी करत, त्यामुळे चिठ्ठ्या आधी त्यांच्या हातात पडत. कामाचं तेवढं त्या आत सांगत. उरलेलं डब्यात टाकत. तीन वर्षं त्यांनी हे केलं होतं आणि दर वर्षीच्या बैठकीत डबा खणातच राहिला होता, कारण नणंदेसाठी बोलायची पाळी त्यांची नव्हती. दिराची होती. दिराचं बोलणं ऐकताना त्या टेबलाखाली स्वतःच्या हाताला चिमटे काढत.

“वाचा.”

दादांनी चष्मा लावला. “‘मागची कवळी ज्यांनी मांडली त्यांच्याकडूनच हवी.’”

“पुढची.”

“‘पेशंट म्हणतात, आरशात स्वतःची आई दिसली. मांडणाऱ्यांना नमस्कार.’”

“पुढची वाचा, खालची ओळ.”

दादा थांबले. मग हळू वाचलं. “‘त्याच हाताचं काम मिळणार असेल तर दर थोडा वाढवलात तरी हरकत नाही.’”

“अशा अकरा आहेत,” वहिनी म्हणाल्या.

“मग मला का नाही सांगितलंस?”

“सांगितलं. दर वर्षी म्हणते, अहो, दवाखान्यांकडे दर वाढवून मागा. तुम्ही काय म्हणता? म्हणता, आपलं आपण कसं मागायचं!”

हे मात्र खरं होतं. सात वर्षं कारखान्याचा दर तोच होता. आजोबांचा नियम पगारापुरता होता, पण दादांनी तो रस्त्यापलीकडे, दवाखान्यापर्यंत नेला होता.

पासष्ट

आता सगळ्यांनी खडूकडे पाहिलं. तिच्यासाठी सगळं आयतं मांडून ठेवलेलं होतं. चिठ्ठ्या, बावीस वर्षं, पुलापलीकडची लॅब, बुधवार. एवढ्या भांडवलावर ती तासभर बोलली असती, दादांच्या डोळ्यांत पाणी आणलं असतं. कचेरीतल्या शेजारणीसाठी तर यापेक्षा खूप कमी भांडवलावर बोलली होती.

शेजारीण. परवा ती आपली शाल आवळत खडूच्या टेबलाशी आली होती. पगार वाढला होता, पण त्याबरोबर संध्याकाळच्या पाळीची जबाबदारीही आली होती. “मला सहाला मुलीला आणायला जायचं असतं,” ती म्हणाली. “तू एवढं बोललीस माझ्याबद्दल. मला एकदा विचारलं असतंस तर?”

खडूला तेव्हा राग आला होता. आता नाही आला.

“आत्या,” ती म्हणाली.

काका पुढे सरकला. त्याला वाटलं, आता सुरू होणार.

“तुला काय हवंय?”

“म्हणजे?”

“मी बोलेन. पण आधी तू सांग. तुला काय हवंय?”

आत्याने काकाकडे पाहिलं. काकाने दादांकडे. दादांनी वहिनींकडे. बावीस वर्षं या टेबलाशी माणसं एकमेकांसाठी बोलत आली होती, प्रेमाने बोलत आली होती, आणि ज्याच्यासाठी बोलायचं त्याला आधी विचारावं, असं एकाच्याही मनात आलं नव्हतं.

“काका, तू आत्याला कधी विचारलंस?”

“नियम होता ना,” काका पुटपुटला. “तिने तोंड नाही उघडायचं.”

“तोंड नाही उघडायचं. कानात सांगायला काय हरकत होती?”

काकाने तळहात मिटला.

सहासष्ट

सहासष्टला सगळे अडतात.

आत्याने हे हजार वेळा ऐकलं होतं. मेणात दात मांडून झाले की दादा ती कवळी डब्यात घालून दवाखान्यात नेत. डॉक्टर ती माणसाच्या तोंडात बसवत आणि सांगत, साठ ते सत्तर मोजून दाखवा. साठ, एकसष्ट, बासष्ट. प्रत्येक आकड्याला जीभ पुढच्या दातांमागे जाऊन टेकते. दात केसभर पुढे असला तर शिट्टी वाजते, मागे असला तर बोबडं येतं. दादा परत येऊन सांगत, “सहासष्टला शिट्टी येतेय गं.” मग ती बर्नर पेटवायची, सुरी तापवायची आणि दात केसभर मागे घ्यायची.

बावीस वर्षं. कुणाच्या तोंडात काय झालं, ते नेहमी दादांच्या तोंडून.

प्रत्येक कवळीबरोबर माणसाचा जुना, दात असतानाचा फोटो येतो. तो ती समोर ठेवते. आत्ताही तिच्या जागेवर एका बाईंचा फोटो होता. टेलिफोनच्या केंद्रात काम करायच्या त्या. कानाला यंत्र लावून खो खो हसताहेत, आणि डावा दात शेजारच्या दातावर किंचित चढलेला. आत्याने मेणात तो तसाच चढवला होता. मग स्वयंपाकघरात, कुणी नाही असं बघून, स्वतःच साठ ते सत्तर मोजलं होतं. त्या बाईंच्या वतीने.

“पैसे,” आत्या म्हणाली. “आधी पैसे. मला दादाएवढे हवेत. सत्तर.”

फळीवरचे सगळे जबडे तिच्याकडे बघत होते.

“आणि मला... मला ते, जेव्हा ते मोजतात ना. तेव्हा. म्हणजे ते बसवतात आणि...”

“बोल,” खडू हळूच म्हणाली. अडकलेल्या माणसाशी बोलते त्याच आवाजात. “मी आहे इथे.”

“मला दवाखान्यात यायचंय,” आत्या म्हणाली. “मी मांडलेलं एकही हसू मी पाहिलेलं नाही.”

सदुसष्ट

दादांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, पुन्हा काढला.

काकाने तोंड उघडलं. “माझ्यातले कमी करा दादा. ताईचं काम...” आणि काय आश्चर्य, या वेळी पुढचं आलं. “ताईचं काम नसेल तर मी काय घासू? नुसतं गुलाबी प्लॅस्टिक? मी चमक देतो दादा, पण चमकायला आधी काहीतरी असावं लागतं.” स्वतःचंच बोलणं ऐकून तो दचकला. “हेच होतं हातावर,” तो म्हणाला. “हेच लिहिलं होतं मी!”

“तुझ्यातला पैसाही कमी करायचा नाही,” आत्या म्हणाली. “बावीस वर्षं भांडून मिळवलाय मी तो.”

“अगं, सत्तर म्हणजे एकदम...” दादा म्हणाले.

“दवाखान्यांशी मी बोलेन,” वहिनी म्हणाल्या. “तुमच्यासाठी बोलायचं माझ्याकडेच आहे. उद्या डबा घेऊनच जाते.”

“दर वाढला तर होईल. होईल गं. लवकरच करू.”

“बाबा,” खडू म्हणाली, “आम्ही अडकलेल्या माणसाला ‘लवकर’ असं कधी सांगत नाही. तसं सांगितलं की तो दर मिनिटाला बटण दाबतो. वीस मिनिटं लागणार असतील तर वीस सांगतो. मग तो खाली बसतो.”

दादांनी बोटांवर हिशेब केला. “या महिन्यापासून काकाएवढे. तिसऱ्या महिन्यापासून सत्तर. डॉक्टर हो म्हणोत की नाही म्हणोत. नाही म्हणाले तर माझ्यातून.” त्यांनी बहिणीकडे पाहिलं. “खाली बसशील?”

“बसलेलीच आहे मी.”

“आणि दवाखान्याचं...” दादा अडखळले. पैशांपेक्षा हे जड जात होतं. मेणातली कवळी पहिल्यांदा तोंडात बसते, माणूस आरशात बघतो, मोजायला लागतो, आणि पासष्टच्या आसपास त्याचा चेहरा बदलतो. वर्षानुवर्षं दादा त्या क्षणाला शेजारी उभे राहत आले होते. घरी येऊन त्यांनी तो कधी कुणाला सांगितला नव्हता. मुद्दाम लपवला असंही नाही. फक्त सांगायचा विषय कधी निघाला नव्हता.

“मंगळवारी टेलिफोनवाल्या बाई आहेत,” ते म्हणाले. “साडेदहाला. कवळीचा डबा तू नेशील. मी... मी आलो तर चालेल?”

अडुसष्ट

निघताना आत्याने खडूला खिडकीपाशी नेलं आणि उजेडाकडे तोंड करून उभं केलं.

“उद्या किती मागणार आहेस?”

“ठरलं नाही. चौसष्ट म्हणू का?”

“मला काय विचारतेस? मोज. साठपासून. हळू. माझ्याकडे बघून.”

“आत्या, माझे दात शाबूत आहेत.”

“मोज म्हणते ना.”

खडूने मोजलं. एकसष्टला तिची मान खाली गेली. चौसष्टला खांदे आखडले. सहासष्टला ती अडली, सगळे अडतात तशी. सदुसष्ट. अडुसष्ट म्हणताना तिची हनुवटी वर होती आणि आवाज सरळ खिडकीबाहेर गेला. एकोणसत्तरला तिला हसू फुटलं.

“बस,” आत्या म्हणाली. “हसू आलं तो आकडा लबाडीचा. त्याच्या आधीचा तुझा.”

सोमवारी अकरा वाजता मॅडमनी विचारलं, “हं, तुमची काय अपेक्षा?” खडूची मान सवयीने डावीकडे वळली. तिथे खुर्ची होती, खुर्चीवर तिचीच पर्स होती. तिने मान पुन्हा सरळ केली.

“अडुसष्ट,” ती म्हणाली. मग का, ते सांगितलं. स्वतःबद्दल बोलायला तिला चारच मिनिटं लागली. “आणि शेजारणीची संध्याकाळची पाळी मला चालेल. तिला विचारलंय मी.”

मॅडमनी लिहून घेतलं. “बघते. लवकरच कळ...” त्या मध्येच थांबल्या. भिंतीवर त्यांच्याच सहीची सूचना होती: ‘लवकर’ म्हणू नका, वेळ सांगा. त्या स्वतःशीच हसल्या.

“शुक्रवार,” त्या म्हणाल्या. “चार वाजता.”

खडू खाली बसली. म्हणजे बसलेलीच होती. पण आता बसली.

एकोणसत्तर

मंगळवार. दवाखान्याची खोली लहान, तीन माणसांनी भरून गेलेली, त्यात दादा दाराला चिकटून उभे. डबा आत्याच्या मांडीवर. टेलिफोनवाल्या बाई खुर्चीत रेलल्या होत्या, गालफडं आत गेलेली, फोटोतल्यापेक्षा कितीतरी लहान.

डॉक्टरांनी कवळी बसवली.

“साठ ते सत्तर मोजून दाखवा.”

बाईंनी मोजायला सुरुवात केली. आत्याचे ओठ त्यांच्याबरोबर हलत होते. पासष्ट. सहासष्टला बाई थांबल्या, जिभेने दात चाचपला, तो चढलेला, डावीकडचा. त्यांनी डॉक्टरांच्या हातातला आरसा ओढूनच घेतला. बराच वेळ पाहिलं. आणि मग त्या हसल्या, खो खो, फोटोतल्यासारख्या, कानाला यंत्र नसताना.

“सहासष्ट!” त्या म्हणाल्या. शिट्टी नव्हती. “सदुसष्ट, अडुसष्ट, एकोणसत्तर!”

दादा बाईंकडे बघत नव्हते. आज ते बहिणीकडे बघत होते.

सत्तर

“या कोण?” डॉक्टरांनी दादांना विचारलं.

दादांनी तोंड उघडलं. मग मिटलं, आणि आत्याकडे पाहिलं.

“दात मी मांडते,” आत्या म्हणाली.